पाळकाचा रकाना

हजेरीची वही माझ्याकडे असते,
हॉलची किल्लीही, आणि थर्मासचं झाकण, जे दर शुक्रवारी हरवतं.
रुवीच्या आवारात आम्हाला सकाळी सात ते साडेआठ.
साडेआठला तेलुगू मंडळी दारात येऊन थांबते,
ढोलकीसकट, अगदी नम्रपणे.

वहीत तारीख, शास्त्रपाठ, पुरुष, स्त्रिया, मुले, दान,
आणि शेवटी एक रकाना : पाळक.
बोटभर रुंद.
छापणाऱ्याने एकच माणूस धरला असणार.

शांतवन आल्हाट, मूळचा राहुरीकडचा,
आठवडाभर पाण्याचा टँकर चालवतो.
सुवार्ता भिंगारदिवे, डायलिसिसच्या वॉर्डात.
तिला सगळे सिस्टर म्हणतात,
दवाखान्यातली की देवळातली, कुणी विचारत नाही.
नवराबायको नव्हेत.
हे मला दर नव्या माणसाला सांगावं लागतं.
तिचा नवरा तिसऱ्या रांगेत, बाळ खांद्यावर घेऊन.
त्याची बायको गावी, रोज रात्री फोनच्या काचेत.

भांडतातसुद्धा.
तो म्हणतो, वीस मिनिटांच्या वर उपदेश गेला की लोक घड्याळ बघतात.
ती म्हणते, तुमचा पंचविसाचा होतो
तेव्हा घड्याळ मीच पालथं घालते.

आमचे वडील साळवे, जालन्याचे, सरळ माणूस,
बाई आशीर्वचनाला उभी राहिली
की उठून बाहेर जायचे, चपला नीट लावायला.
इतक्या नीट लावलेल्या चपला
अख्ख्या मस्कतमध्ये नसतील.

मग मे महिना.
घालाच्या कॅम्पात सदानंद खरात गेला,
वेल्डर, वय एकोणतीस, खालचा बंक.
त्याची बहीण अल खुवैरला एका बंगल्यात कामाला.
कॅम्पाचं दार शांतवनला उघडतं, सिस्टरला नाही.
बंगल्याचं मागचं दार, गॅसच्या टाक्यांजवळचं,
सिस्टरला उघडतं, त्याला नाही.
बातमी एक, आणि मध्ये सगळं शहर.

सिस्टर त्या दारात बसली, पायरीवर, बहिणीचे हात धरून.
तो वळणापलीकडे टँकरमध्ये,
इंजिन चालू ठेवून, कारण तिथे थांबायला मनाई.
बहीण विचारायची. सिस्टर फोनवर विचारायची.
तो सांगायचा. सिस्टर पुन्हा सांगायची,
तेच, पण हळू.
शेवटी कोण होतं जवळ?
मी होतो.
दुखत होतं का?
थोडा वेळ.
पाणी मागितलं का त्याने?
इथे फोनमध्ये नुसतं इंजिन ऐकू आलं.
मग : मागितलं. दिलं.

तो पुढचं बोलला नाही, आणि तिने पुढचं विचारलं नाही.
प्रार्थना कुणी सुरू केली, कुणी संपवली,
दोघांनाही आज सांगता येत नाही.
मी विचारून पाहिलं.

पुढच्या शुक्रवारी मालकिणीने बहिणीला एक तास सोडलं.
द्राक्षाचा रस प्लास्टिकच्या छोट्या कपांत,
भाकर म्हणजे कोपऱ्यावरच्या बेकरीतला खुबूस.
त्याने ताट धरलं, तिने मोडला.
आशीर्वचनाला ती उभी राहिली
आणि साळवे उठले, सवयीने, दारापर्यंत गेले.
बाहेर बहिणीची एकच जोडी उलटी पडली होती,
घाईत काढलेली, एका पट्ट्याला सेफ्टीपिन.
त्यांनी ती हातात घेतली, आणि तशीच धरून
उंबऱ्यावर मान खाली घालून उभे राहिले,
आमेनपर्यंत.
आत आले असं मी म्हणणार नाही.

त्या दिवशी वहीत मी दोन नावं लिहिली.
त्याचं रकान्यात बसलं, तिचं समासात गेलं.
पुढच्या खेपेला तिचं आधी लिहिलं,
आल्हाट समासात, शेवटचा ट कागदाबाहेर.
त्याने पाहिलं, हसला,
म्हणाला, टला परत बोलवा हो केव्हातरी.

जूनमध्ये वही संपली.
स्टेशनरीच्या दुकानात मी पट्टी मागितली,
मल्याळी पोरगा गोंधळला.
सात वह्या उघडून शेवटचा रकाना मोजला.
एकीतही पुरेना.
कोरी घेतली, रेघा नसलेली.
आता दर गुरुवारी रात्री
मीच आखतो.